ओट्यावरची अमेरिका

डिंक तुपात पडला की फुलतो आणि फुलला की त्याच क्षणी काढावा लागतो. त्यामुळे त्या मिनिटाला जगात दुसरं काहीही घडू नये अशी सुलक्षणाची साधी अपेक्षा असायची. जगाने ती आजवर बऱ्यापैकी पाळलीही होती. पण त्या दिवशी नेमका कढईत डिंक असताना वरदाचा फोन आला. ओट्यावरच्या चहाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनवर एका हाताने स्पीकर लावत आणि दुसऱ्या हातातली झारी न सोडता सुलक्षणा म्हणाली, बोल गं, तुझेच लाडू चाललेत.  पलीकडून वरदा तिच्या त्या इंग्लंडातल्या स्लाऊमध्ये वाढलेल्या, अर्धवट शिजलेल्या मराठीत म्हणाली, "आई, तू येऊ नको."

सुलक्षणाला आधी वाटलं, विमानतळावरून घरी येण्याबद्दल सांगतेय, की आम्ही न्यायला येतो, तू टॅक्सीने येऊ नकोस. पण तसं नव्हतं. डिलिव्हरीला येऊ नको. अमेरिकेतच येऊ नको. यतीनच्या लॉयरशी दोघं बोलले होते. यतीन म्हणजे जावई, नागपूरचा, शांत मुलगा. दोघंही वर्क व्हिसावर, ग्रीन कार्डाचा अर्ज आत अडकलेला. लॉयर म्हणाली की हल्ली एअरपोर्टवर फोन बघतात, नाव टाकून इंटरनेटवर शोधतात, त्यात आईचं एवढं जाहीर बोलणं, उगाच कशाला विषाची परीक्षा. तिने इंग्रजीत काय म्हटलं असेल कोण जाणे, पण वरदाने सांगितलेल्याचा अर्थ हाच होता. "आणि फोनवर पण त्या विषयाचं नको बोलू ना, आई. मला खूप भीती वाटतो." एरवी सुलक्षणाने तिथल्या तिथे टोकलं असतं, वाटतो काय, वाटते म्हण. आज ती बरं म्हणाली. बरं, तू आराम कर, पाय वर घेऊन बस. फोन ठेवला तेव्हा कढईतला डिंक काळा पडून धूर येत होता आणि छतावरचा स्मोक अलार्म कोकलत होता. पद्माकर वर्तमानपत्र घेऊन धावत आला आणि अलार्मला वारा घालत राहिला. काय झालं म्हणून त्याने विचारलं. डिंक जळला, ती म्हणाली.

आता ह्या बाईचं एवढं काय जाहीर बोलणं, ते सांगायला हवं. सुलक्षणा भूलतज्ज्ञ. मिरजेला एमबीबीएस झाली, लग्न करून इंग्लंडला आली, स्लाऊच्या हॉस्पिटलात तिने उभी हयात लोकांना झोपवण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर शेजारच्या मेडनहेडच्या घरात ओटा आणि बाग ह्यांच्यामध्ये तिची अवस्था पंख कापल्यासारखी झाली. लॉकडाऊनमध्ये तिथल्या मराठी मंडळाची सगळी माणसं घरात कोंडलेली, झूमवर गप्पा चालायच्या. त्यात ही अमेरिकेच्या निवडणुकीवर बोलायला लागली की बाकीचे आपापले माइक बंद करून ऐकत बसायचे. स्लाऊला एका आयटी कंपनीत असलेला सुयश म्हणाला, काकू, हे रेकॉर्ड करून टाकू का? टाक, ती म्हणाली. काकूंच्या आयुष्यात असले निर्णय दोन अक्षरांत व्हायचे. तेव्हापासून दर रविवारी सकाळी, स्वयंपाक करता करता, ओट्यावर फोन ठेवून ती बोलायची. 'तर मंडळी' म्हणून सुरुवात. भाजी चिरल्याचा आवाज, फोडणीचा आवाज, मध्येच 'थांबा, शिट्टी होऊ दे', आणि शिट्टी होऊन गेली की सिनेटमधलं मतदान जिथे सोडलं तिथून पुढे. तात्यांनी (अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं अख्ख्या महाराष्ट्राने हेच नाव ठेवलंय, त्याला ती काय करणार) आज कुणाला काढलं, कुणावर किती टॅरिफ लावलं, कुठल्या न्यायाधीशाने त्यांना कुठल्या कलमाखाली अडवलं, हे ती असं सांगायची की जणू शेजारच्या बिल्डिंगमधली भांडणं. सांगलीपासून सिडनीपर्यंत लोक ऐकायचे. काहीजण शिव्या द्यायचे. पुष्कळ जण विचारायचे की मागच्या भागात तुम्ही जी आमटी केलीत त्यात गोडा मसाला कधी घातलात. पद्माकर म्हणायचा, आयुष्यभर लोकांना झोपवलंस, आता जागं करत सुटली आहेस. पण ऐकायचा तोही, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून, कांदा आणायला आल्यासारखं दाखवत.

अमेरिकाच का, असं तिला मंडळातल्या तनयाने एकदा विचारलं होतं. आपण राहतो इथे, कर भरतो इथे, मग इथल्यांवर बोला की. तेव्हा तिने उडवून लावलं, इथले पंतप्रधान एवढ्या पटापट बदलतात, माझी भाजी शिजेपर्यंत विषय शिळा होतो. लोक हसले. खरं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं आणि स्वतःशीही फारसं उगाळलं नव्हतं. वरदा तिकडे गेली तेव्हापासून मायलेकींना बोलायला विषय म्हणून नव्हता. लहानपणीही नव्हताच म्हणा. आई ऑन-कॉल, मुलगी शाळेत, मग युनिव्हर्सिटीत, मग एकदम नॉर्थ कॅरोलायनात. तू सुखी आहेस का गं, असं विचारायची सुलक्षणाला सवय नव्हती. तिच्या आईनेही तिला कधी विचारलं नव्हतं. पण तुमच्या गव्हर्नरने काल काय केलं वाचलंस का, हे विचारता यायचं. मग वरदा खवळायची, बोलायची, तासभर बोलायची, आणि त्या बोलण्यात मध्येच कुठेतरी ऑफिस यायचं, यतीनचा खोकला यायचा, घरमालक यायचा, आणि एकदा, टॅरिफच्या दोन वाक्यांच्या मध्ये, आई, आय अॅम प्रेग्नंट आलं होतं. अमेरिका म्हणजे त्यांच्या दोघींच्या मधला ओटाच होता. त्यावर हात टेकवून उभं राहता यायचं.

आणि वरदाला दिवस गेल्यापासून तर त्या रविवारांना धारच चढली. तात्यांनी पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाल्या झाल्या पहिल्याच दिवशी कागदावर सही केली होती की तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या आईबापांचं मूल तिथे जन्मलं म्हणून आपोआप नागरिक होणार नाही. मग एका कोर्टाने अडवलं, दुसऱ्याने अडवलं, प्रकरण वर गेलं. सुलक्षणाने त्यांच्या घटनेतली ती जन्माने नागरिकत्व देणारी चौदावी दुरुस्ती शब्दन् शब्द वाचली, गुलामगिरीचा सगळा इतिहास वाचला, आणि मेथी निवडता निवडता लोकांना सांगितला. रागावून सांगितला. कुणाच्या घरात जन्मायचं हे बाळ ठरवत नाही, आणि ज्याने अजून डोळे उघडले नाहीत त्याच्याकडे कागद मागणारा माणूस कितीही मोठ्या खुर्चीत बसला तरी मला छोटाच दिसतो, असं ती म्हणाली होती. तो भाग सगळ्यात जास्त ऐकला गेला. ते बाळ कुणाचं, हे ऐकणाऱ्यांपैकी बाहेरच्या कुणाला माहीत नाही, असं ती धरून होती. आता त्याच बोलण्यामुळे त्या बाळाच्या आईने तिला येऊ नकोस म्हटलं होतं, आणि ह्यातली गंमत तिच्या लक्षात येत नव्हती असं नाही. पण हसू येत नव्हतं.

दुपारी ती एकटीच नदीवर गेली. बोट क्लबच्या मुली होड्या पाण्यात ढकलत होत्या, त्यांचा प्रशिक्षक काठावरून सायकलवर ओरडत चालला होता. बाकावर बसल्या बसल्या तिला स्वतःचं बाळंतपण आठवलं. तिची आई मिरजेहून येऊ शकली नव्हती. वडिलांना अर्धांगवायू झालेला, त्यांना सोडून कुठे निघणार. आईने डिंकाचे लाडू करून कुणाच्या तरी मुलाच्या सामानात घालून दिले, तो मुलगा आधी ग्लासगोला गेला आणि तो डबा स्लाऊला पोचला तेव्हा वरदा रांगत होती. त्या वेळी पद्माकर लीड्सला नोकरीला. कळा कमी करायला पाठीत भुलीची सुई घालायला आलेला डॉक्टर एक वयस्क आयरिश गृहस्थ होता. अजिबात हलू नकोस म्हणाला, आणि मग स्वतःच्या बहिणीच्या गाढवाबद्दल बोलायला लागला. ते गाढव चर्चमध्ये कसं घुसलं, कुणी कसं हाकललं, परत कसं आलं. सुलक्षणा स्वतः भूलतज्ज्ञ, तिला सगळं ठाऊक होतं, सुई कुठल्या मणक्यांमध्ये जाणार, कधी काय होऊ शकतं, सगळं. त्या माहितीचा काडीइतका उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो त्या गाढवाचा. पुढे तिने ती गोष्ट उचललीच. टेबलावर माणूस झोपला की सर्जन पोटाशी उभा असतो, भूल देणारा डोक्याशी असतो, आणि घाबरलेल्या माणसाला शुद्ध जाण्याआधीच्या शेवटच्या मिनिटांत फक्त डोक्याशी असलेला आवाज ऐकू येतो. पंजाबी आजीबाई असोत की पोलिश ट्रकवाला, ती बोलत राहायची. हवा, पराठे, फुटबॉल, काहीही. आवाज मात्र ठाम हवा. आपल्याला सगळं माहीत आहे असा. आणि त्या गाढवाच्या रात्रीनंतर तिने मनाशी पक्कं केलं होतं की आपल्या मुलीच्या वेळी काहीही होवो, डोक्याशी आपण असायचं.

तिला रडू आलं. तिने ते येऊ दिलं, रुमालाने नाक पुसलं, आणि घरी जाताना सुयशला फोन केला की रविवारी लॅपटॉप घेऊन ये, सगळं पुसून टाकायचंय.

सुयश आला. चहा पिऊन झाला तरी लॅपटॉप उघडेना. काकू, नक्की? तो विचारत होता. पद्माकर जिन्याच्या पायरीवर बसला होता, ह्या वेळी कांद्याचं सोंगही न घेता. लॉयरने असंही सांगितलं होतं म्हणे की आता पुसलंत तर ते आणखी वाईट दिसेल, पण लॉयर काय, लॉयर दोन्ही बाजूंनी बोलतात. सुलक्षणा म्हणाली, पुसायच्या आधी कुठला तरी एक लाव, आवाज कसा होता बघू. सुयशने मधलाच कुठलासा लावला. नाताळातला होता. त्या वेळी वरदा आणि यतीन इथे आलेले. सुलक्षणाचा आवाज तावातावाने कुठल्याशा सिनेटरची सालं काढत होता आणि मागून अचानक वरदा ओरडली, आई, मीठ! दुसऱ्यांदा टाकते तू! आणि मग त्या दोघी हसत होत्या, रेकॉर्डिंगभर, एकीचं हसू थांबलं की दुसरीचं सुरू होत होतं, आणि सिनेटर बिचारा तसाच अर्धवट सोलून पडला होता. सुलक्षणाने ते शेवटपर्यंत ऐकलं.

"राहू दे," ती म्हणाली. "मी बोलले ते बोलले. पुसून मी गप्प होते असं थोडंच होणार आहे."

"मग जाणार तू?" पद्माकरने विचारलं.

"नाही. पोरगी घाबरली आहे. घाबरलेल्या पेशंटशी वाद घालत नसतात."

हा निर्णयही तिने दोन अक्षरांतच घेतल्यासारखा घेतला, पण ह्याची अक्षरं घशाखाली उतरायला बरेच दिवस लागले. नवीन भाग करायचे नाहीत, फोनवर विषय काढायचा नाही आणि तिकीट रद्द करायचं, हे तिने स्वतःहून वरदाला कळवलं. वरदा थँक्यू म्हणाली आणि लगेच दुसऱ्या कॉलवर जायचंय म्हणाली. सुलक्षणाऐवजी यतीनच्या आईने, सुप्रभाबाईंनी, जायचं ठरलं. नागपूरहून. त्यांचा व्हिसा जुनाच होता आणि त्यांना मत नावाची गोष्टच नाही, असं सुलक्षणाचं वरदाच्या लग्नापासूनचं पक्कं मत होतं. लग्नातही विचारावं त्यावर त्या हो म्हणायच्या, तुम्ही म्हणाल तसं. अशा बाईला कुठला इमिग्रेशनवाला अडवणार? वरदाच्या डोक्याशी आता त्या बसणार होत्या. सुलक्षणाला हे इतकं झोंबलं की आपल्याला एवढं झोंबतंय ह्याचाच तिला राग आला. तिने स्लाऊला जाऊन पुन्हा डिंक आणला, खारीक आणली, अळीव आणले, आणि लाडू वळले. कुणासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. पाठवायची सोय नव्हती. पद्माकर रोज सकाळी चहाबरोबर एक खायचा आणि म्हणायचा, बाळंतिणीचं मानवतंय मला.

पण खरी पंचाईत फोनची झाली. वरदाचा फोन यायचा, रोज यायचा, आणि पाय सुजलेत का, नाही, जेवलीस का, हो, बाळ फिरतंय का, हो, इथवर पोचला की संपायचा. मग फोन न ठेवता सुलक्षणा ओटा पुसत राहायची. तिकडे टीव्ही चालू असेल तर सुलक्षणाला त्यातल्या बातम्यांचा आवाज ऐकू यायचा आणि जीभ शिवशिवायची. एकदा तर तिने तोंड उघडलंही, आणि हवेबद्दल बोलली. हवेबद्दल! चाळीस वर्षं इंग्लंडमध्ये काढून जी सवय तिने लागू दिली नव्हती ती आता स्वतःच्या मुलीशी बोलताना लागली. तिला कळत होतं की वरदालाही हे जड जातंय. पण घातलेली अट कोणी काढायची? ज्याने घातली त्याने. सुलक्षणा वाट बघण्यात तरबेज होती. ऑपरेशन लांबलं की सर्जन चिडतात, नर्सा पाय बदलतात, भूलवाला स्टुलावर बसून श्वास मोजत राहतो. तशी ती बसून राहिली. रविवारी ओट्याशी उभं राहून मुकाट्याने आमटी करायची. लोकांचे निरोप यायचे, ताई बऱ्या आहात ना, तात्यांनी काय काय केलं आणि तुम्ही गप्प? ती उत्तर द्यायची नाही.

मग एका मंगळवारी, दुपारच्या जेवायच्या वेळेला, कुकर चढवलेला असताना फोन वाजला. स्क्रीनवर वरदाचं नाव, पण आवाज सुप्रभाबाईंचा.

"विहीणबाई, आम्ही पहाटेच आलो हॉस्पिटलात. सगळं ठीक आहे. ती म्हणते आईला लावा."

मागे मशीनची टकटक ऐकू येत होती, सुलक्षणाच्या ओळखीची, आणि कुणीतरी इंग्रजीत हळू आवाजात सूचना देत होतं. वाकून बस, हनुवटी छातीला लाव, पाठ बाहेर काढ. तिने डोळे मिटले. तो क्षण तिला खोलीत असल्यासारखा दिसला. डॉक्टरने पाठ थंड द्रवाने पुसली असेल, हातात सुई असेल, आणि पलंगाच्या कडेला बसलेली तिची मुलगी उशी कवटाळून थरथरत असेल.

"आई." वरदाचा श्वास तुटत होता. "मला हलू नको सांगतात. मला नाही जमत. तू बोल ना."

"बोलते. काय बोलू, बेटा?"

"तुझा ते. अमेरिकेचा. नेहमीचा."

सुलक्षणाचा हात ओट्यावर होता. तो तिने घट्ट दाबून धरला. "फोनवर?" तिने विचारलं.

"फोनवरच. मोठ्याने. आई, प्लीज."

आणि मग सुप्रभाबाईंचा आवाज आला, फोनच्या अगदी जवळून, काहीसा ओशाळलेला. त्यांनी सांगितलं ते सुलक्षणाला पुढे कित्येक दिवस पुरलं. त्या नागपुरात दर रविवारी ऐकायच्या, पहिल्या भागापासून, स्वयंपाक करता करता, दार लावून. आमच्याकडे बायकांनी राजकारण ऐकलेलं चालत नाही हो, त्या म्हणाल्या. इथे उतरायच्या आधी विमानात बसूनच मी ते फोनमधून काढून टाकलं, भीतीने. आणि मग म्हणाल्या, "तुम्ही बोला. मी फोन तिच्या कानाशी धरते. डोक्याशीच उभी आहे मी."

सुलक्षणाने घसा साफ केला. आलेलं रडू कुठल्या कुठे गेलं होतं आणि त्याच्या जागी तिचा जुना, ऑपरेशन थिएटरमधला आवाज आपसूक येऊन उभा राहिला होता, ज्याला सगळं माहीत असतं.

"तर मंडळी," ती म्हणाली, "आज अमेरिकेत फार मोठी घडामोड आहे. हलायचं नाही, नीट ऐकायचं. तिकडे व्हाइट हाऊसमध्ये काय चाललंय ते असू दे. तात्या अजून उठून केस बसवत असतील. त्यांना काही कळवलेलं नाही. पण आपल्या खात्रीलायक सूत्रांकडून असं कळतंय की नॉर्थ कॅरोलायनात आज एकजण येतोय. व्हिसा नाही. पासपोर्ट नाही. फॉर्म भरलेला नाही. फोनसुद्धा नाही, त्यामुळे तपासणार काय, हा तिथल्या अधिकाऱ्यांपुढे मोठाच पेच आहे." पलीकडून एक हुंदका आला, की हसू, ते नीट कळलं नाही. डॉक्टर म्हणत होती, गुड, डोंट मूव्ह. "आता काही लोक विचारतील, ह्याला येऊ कुणी दिलं? तर त्याने कुणाला विचारलेलंच नाही. आणि..."

कुकरची शिट्टी झाली. ती खच्चून वाजली, स्वयंपाकघर भरून वाजली. सुलक्षणा सवयीने थांबली. शिट्टी विरत गेली तशी पलीकडे वरदा हसताना ऐकू आली, आता स्पष्ट, न हलता हसण्याचा प्रयत्न करत, आणि त्या हसण्याच्या मागे डॉक्टरचा आवाज आला की झालं, सुई आत आहे, छान बसलीस.

जिन्याच्या पायरीवर पद्माकर केव्हाचा येऊन बसला होता. सुलक्षणाने गॅस बारीक केला, फोन तोंडाजवळ ओढला आणि पुढे बोलू लागली, आता वरदाशी नव्हे, तिच्या पोटातल्याशी.

"हां, तर कुठे होतो आपण. कुणी काहीही म्हणू दे. कागदांचं मागून बघू, मी आहे. आधी तू ये."